पोरखेळ, व्याही आणि जालना रोड

घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू असलं की माणसाला आपोआप वंशावळीत रस निर्माण होतो. म्हणजे बघा, लेकराने न अडखळता दहापर्यंत आकडे म्हटले, की ते आमच्या घराण्याचं डोकं. त्याच लेकराने आजोबांचा चष्मा पाण्याच्या ड्रममधे सोडला, की "हे वळण आमच्याकडचं नाही बाई." नाही आमच्याकडचं, मग कुणाकडचं? हे कुणी बोलून दाखवत नाही. फक्त सगळे एकदा स्वयंपाकघराकडे बघतात, जिथे आमची सौभाग्यवती उभी असते.

आमचं कन्यारत्न सध्या सव्वादोन वर्षांचं आहे. मुक्काम मुकुंदवाडी. गेल्या पंधरा दिवसांची बग लिस्ट सांगतो: टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात सापडला. लॅपटॉपच्या कीबोर्डाचं एक बटण सापडलंच नाही (बहुतेक पोटात नाही, कारण दोन दिवस लक्ष ठेवून होतो). देव्हाऱ्यातला बाळकृष्ण फ्रीजमधे दह्याशेजारी बसलेला होता. आणि परवा आजीच्या हळदीकुंकवाच्या करंड्यातलं अख्खं कुंकू शेजारच्या चिरंजीवांच्या डोक्यावर, शर्टावर आणि आमच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर! त्या चिरंजीवांनीही मागे न हटता उरलेलं कुंकू हिच्या केसांत चोळलं. दोघं खिदळत होती. भिंतीचं काय झालं ते विचारू नका.

यावर आमच्या मातोश्री काय म्हणाल्या? "काय जोडा शोभतोय बघा! जावईच करून घ्या." सगळे हसले. मी पण हसलो. आणि हसता हसता आठवलं, की हे वाक्य याच रस्त्यावर पूर्वी एकदा बोललं गेलंय म्हणतात. त्याचं पुढे जे काही झालं ते आपण शाळेत पाठ केलंय.

रस्ता म्हणजे जालना रोड. मुकुंदवाडीच्या चौकात उभं राहून पूर्वेकडे तोंड करा. चिकलठाणा, विमानतळ, मग जालना आणि साधारण ९० किलोमीटरवर बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा. हे लखुजीराव जाधवांचं गाव. आता पाठ फिरवा. शहर ओलांडलं की दौलताबाद, घाट चढून खुलताबाद आणि तीसेक किलोमीटरवर वेरूळ. हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव. आमचं मूळ गाव कन्नडकडचं, बायकोचं माहेर देऊळगाव राजाचं. त्यामुळे वेरूळची बाजू आणि सिंदखेडची बाजू हा आमच्या घरात रोजच्या जेवणाचा विषय आहे, इतिहासाचा नंतर.

गोष्ट थोडक्यात अशी. रंगाचा सण. सिंदखेडला लखुजीरावांच्या वाड्यात सरदार मंडळी जमलेली. मालोजीराजे आपल्या छोट्या शहाजीला घेऊन आलेले. लखुजीरावांनी कौतुकाने त्या मुलाला आपल्या लेकीशेजारी बसवलं. लेक म्हणजे जिजाऊ. (वय काहीही असो, जिजाऊंना एकेरी लिहिण्याचं धाडस माझ्यात नाही.) मुलं खेळायला लागली. लखुजीराव लाडात येऊन लेकीला म्हणाले, काय गं, हा नवरा चालेल का तुला? आणि लोकांकडे वळून म्हणाले, जोडा छान दिसतो. तेवढ्यात दोघा पोरांनी एकमेकांवर रंग उधळला आणि सभेत हशा पिकला. त्या हशात मालोजीराजे उठून उभे राहिले आणि म्हणाले, मंडळी, ऐकलंत ना? आजपासून जाधवराव आमचे व्याही!

हशा बंद.

सातारच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिलाय. त्याच्या मते साल १५९९, सण होळीचा, शहाजी पाच वर्षांचे आणि जिजाऊ तीन-चार वर्षांच्या. आपल्याकडे मात्र ती रंगपंचमी. सिंदखेडराजाच्या राजवाड्यात गेलात तर जिथे हे घडलं तो रंगमहाल म्हणून एक जागा दाखवतात.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. डेटा तपासायची खोड. जिजाऊंचा जन्म आपण १२ जानेवारी १५९८ चा मानतो, त्या दिवशी सिंदखेडराजाला केवढी गर्दी लोटते ते तुम्हाला माहीत असेलच. मग १५९९ च्या होळीला त्यांचं वय किती? जेमतेम चौदा महिने! आता चौदा महिन्यांच्या बाळाचा अनुभव असलेल्या कुठल्याही बापाला विचारा. ते बाळ गुलालाची मूठ आधी स्वतःच्या तोंडात घालतं. समोरच्यावर नेम धरून रंग टाकणं हे पुढच्या व्हर्जनमधे येतं. शहाजीराजांच्या जन्मसालाबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी १५९४ म्हणतात, कुणी त्याच्या पाच-सात वर्षं पुढे जातात. तसं असेल तर होळीच्या दिवशी नवरदेव पाळण्यात, किंवा पाळण्यातही नाहीत. :)

शिवरायांच्या हयातीत परमानंदाने लिहिलेलं 'शिवभारत' घेतलं तर जाधवरावांनी आपली कन्या शहाजीराजांना दिली, हे त्यात आहे. गुलालाची गोष्ट रंगते ती नंतरच्या बखरींतून. म्हणजे लग्न पक्कं, रंग मागाहून लावलेला असण्याची शक्यता बरीच. पण मला विचाराल तर या गोष्टीत एक गोष्ट अस्सल आहे आणि ती म्हणजे मोठ्या माणसांचं वागणं. पोरांनी काय केलं? रंग टाकला. बाकी सगळं मोठ्यांनी केलं.

पुढे बघा काय झालं ते. गोष्टीप्रमाणे लखुजीरावांच्या पत्नी भडकल्या. का? तर घराणं! जाधव म्हणजे देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारे, मोठे मनसबदार. आणि भोसले? कालपरवापर्यंत पदरी असलेले शिलेदार. त्यांच्या पोराला आपली लेक? दुसऱ्या दिवशी लखुजीरावांनी जेवायला बोलावलं तर मालोजीराजांनी निरोप पाठवला, व्याही म्हणून बोलवाल तरच येतो. यालाही घराण्याचा अभिमानच म्हणायचा, फक्त नवा कोरा.

या नव्या घराण्याची गंमत अशी की त्याचं नाव-गावच मुळी सरमिसळीचं. मालोजीराजांची बायको फलटणच्या निंबाळकरांची. मूल होईना म्हणून अहमदनगरच्या (म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ पिराला नवस बोलले, आणि दोन मुलगे झाले तेव्हा एकाचं नाव ठेवलं शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. इकडे वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धारही मालोजीराजांनीच केला. कुणाकडचं वळण, असा हिशोब तिथे मांडायला बसलं असतं तर अवघडच होतं.

मग लग्न जमलं कसं? तर काळ तसा होता. मुघल फौजा दक्षिणेत उतरलेल्या. १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला. निजामशाही वाचवायला जो कुणी घोडेस्वार उभे करेल तो दरबाराला हवा होता. मालोजीराजांनी स्वार उभे केले (देवीने दाखवलेल्या धनातून, असं गोष्ट सांगते), मनसब मिळाली, पुणे-सुप्याची जहागीर मिळाली. घराणं मोठं झालं. ग्रँट डफ लग्नाचं साल १६०४ देतो. म्हणजे नवरा-नवरी दोघंही आजच्या हिशोबाने प्राथमिक शाळेत. आपलं हे शहर तर तेव्हा जन्मलंही नव्हतं. मलिक अंबरने खडकीला शहर वसवलं ते १६१० मधे.

पोरखेळ हा शब्द आपण किती सहज वापरतो ना? बालिश, बेजबाबदार वागण्याला पोरखेळ. आता या दोन घराण्यांच्या मोठ्या माणसांचा पोरखेळ ऐका. परमानंदानेच सांगितलाय. निजामशाहीचा दरबार सुटला. बाहेर पडताना गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. लखुजीरावांचे चिरंजीव दत्ताजी हत्तीवर चालून गेले. हत्तीच्या बाजूने भोसल्यांकडची मंडळी उतरली, त्यात शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी. हत्ती राहिला बाजूला. संभाजींच्या हातून दत्ताजी ठार झाले. मुलगा गेला कळल्यावर लखुजीराव उलटले आणि त्यांनी संभाजींना ठार केलं. मधे आलेल्या स्वतःच्या जावयावरही वार केला. कशावरून? एका हत्तीवरून! आमच्या चाळीतली पोरं तीनचाकी सायकलवरून भांडतात, पण दहा मिनिटांत एकाच वाटीतले मुरमुरे खातात.

या सगळ्यात जिजाऊ कुठे होत्या? एका बाजूला सख्खा भाऊ गेला, दुसऱ्या बाजूला दीर गेला, आणि नवऱ्याला जखम झाली ती वडिलांच्या हातून. त्यांना काय वाटलं हे कुणी लिहून ठेवलं नाही. मग १६२९ च्या जुलैमधे दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाने दगा केला. लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव, सगळे एकाच दिवशी मारले गेले. ज्या यादवांचं नाव घराणं अभिमानाने लावत होतं, त्यांच्याच देवगिरीवर. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेर असं संपल्यावर त्या लेकराला आजोळच्या काय गोष्टी सांगितल्या असतील त्यांनी? मी मुलीला झोपवताना हा विचार पुष्कळदा केलाय.

आता त्या होळीच्या गोष्टीकडे परत एकदा नीट बघा. लखुजीरावांनी लेकीला प्रश्न विचारला होता. हा नवरा चालेल का? उत्तर कुठेय? मी ग्रँट डफ परत उघडून बघितला. लखुजीरावांचं वाक्य आहे, मालोजीराजांचं आहे, वाड्यातल्या रागाचं वर्णन आहे. पोरीचं उत्तर नाही. कुणी थांबलंच नाही उत्तरासाठी. चौदा महिन्यांच्या असोत की चार वर्षांच्या, त्यांच्या नावावर जमा आहे ती फक्त मूठभर गुलालाची. आणि ती मूठ मोठ्यांनी आपापल्या सोयीने वाचली.

त्यांना खरोखर कुणीतरी विचारल्याची आणि त्यांनी उत्तर दिल्याची एक नोंद मात्र बखरीत आहे. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या. तेव्हा शिवरायांनी काय केलं? बखर म्हणते, ते आईच्या मांडीवर जाऊन बसले, गळ्याला मिठी मारली आणि माझा पराक्रम बघायला तू नसशील तर कोण, म्हणून अडवून ठेवलं. तेव्हा शिवरायांचं वय ३३ पूर्ण! अफझलखान, शाहिस्तेखान होऊन गेलेले. सुरतही नुकतीच लुटलेली. आणि हा माणूस हट्ट करायला आईच्या मांडीवर. हे दृश्य ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी ऑफिसला निघताना माझ्या पायाला जी मिठी बसते, ती हीच.

आणि जिजाऊ थांबल्या. १५९८ चं साल धरलं तर तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. दहा वर्षं अजून राहिल्या, ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनी बघितला आणि अकराव्या दिवशी पाचाडला डोळे मिटले. रंग खेळताना ज्यांचं उत्तर कुणी ऐकलं नाही, त्यांचं हे उत्तर.

मुकुंदवाडीच्या दुकानांच्या पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. २०२३ मधे नाव बदललं. ते ज्यांचं नाव, ते शंभूराजे म्हणजे या दोघांचे नातू. एकमेकांवर रंग उडवणाऱ्या दोन पोरांच्या नातवाचं नाव आज आमच्या लाईटबिलावर छापून येतं. वारसा वारसा म्हणतात तो असा कुठून कुठे येऊन पोचतो, तेव्हा त्या खोडीची मालकी वेरूळची की सिंदखेडची हे कोण सांगणार?

आमच्या घरापुरतं मी एक करून टाकलंय. "जावई", "सून" हे विनोद बंद. लेक मोठी झाल्यावर तिला विचारू आणि ती बोलून संपेपर्यंत थांबू. मातोश्रींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी काय मालोजीराजे हाय का? लेकराला काय कळतंय त्यातलं." मग जरा वेळाने भिंतीकडे बघून म्हणाल्या, "पण पोरगं चांगलंय हां."

असो. भिंतीवरचा कुंकवाचा डाग डिस्टेंपरच्या दोन हातांनीही जात नाहीये. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. तोपर्यंत पाहुण्यांना मी तो आमचा रंगमहाल म्हणून दाखवतो.