मानाचं पान

खेळाडूला मान कधी द्यावा? खेळत असताना, खेळ संपल्यावर, की तो गेल्यावर? गेले काही दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय. निमित्त बास्केटबॉलचं.

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी वायएमसीएच्या जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने शोधला. थंडीच्या दिवसांत मुलांना छपराखाली खेळता यावं म्हणून त्याने सज्जाला टोपल्या टांगल्या, बस्स. त्याच गावात आज त्याच्या नावाचं 'हॉल ऑफ फेम' आहे. पहिली निवड १९५९ सालची. तिथे पदकांच्या गुणांची बेरीज होत नाही. खेळ सोडून काही हंगाम जाऊ द्यायचे, मग नाव चाळणी समितीपुढे जातं. उत्तर अमेरिकेच्या समितीत ९ जण, त्यातले ७ जण 'हो' म्हणाले पाहिजेत. पुढे २४ जणांची मोठी समिती, तिथे किमान १८ मतं हवीत. मतदार कोण, हे जाहीर होत नाही. परदेशी खेळाडूंसाठी २०११ पासून वेगळी समिती थेट निवड करते.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. हे दालन एनबीएपुरतं नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला हरवणाऱ्या सोव्हिएत संघातला सर्गेई बेलोव्ह १९९२ मध्ये इथे पोचला, परदेशी खेळाडूंमधला पहिला. ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएत एकही सामना खेळला नाही, तरी २०१३ मध्ये त्याला मान मिळाला. क्रोएशियाचा द्राझेन पेट्रोविच १९९३ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याचं नाव लागलं २००२ मध्ये.

आपल्याकडे १९६१ पासून अर्जुन पुरस्कार आहे. त्यात मागच्या चार वर्षांच्या कामगिरीला वजन असतं, म्हणजे मान बहुधा खेळाच्या भरात मिळतो. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले अब्बास मुंतासिर यांना तो १९७० सालचा मिळाला. मैदानावर असतानाच टाळ्या मिळाव्यात, हे छानच.

पण मोजमाप सुरू होण्याआधीच जो जिंकला, त्याचं काय? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. पुरस्कार त्यानंतर ९ वर्षांनी जन्मला. १९८४ मध्ये अपघातात खाशाबा गेले आणि त्यांना अर्जुन मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांना पद्मश्री २०१८ मध्ये आणि जीवनगौरव अर्जुन जानेवारी २०२५ मध्ये. ५२ वर्षांनी! ते स्वतः तो घ्यायला होते, एवढंच समाधान.

ही तर ऑलिंपिक, पॅरालिंपिकची माणसं. जिल्हा, विभाग, फार तर राज्यापर्यंत खेळलेल्यांचं काय होत असेल? मी गोंदियाचा. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधी इथल्या पोराने काही जिंकलं असेल, तर त्याच्या प्रमाणपत्रावर जिल्हा भंडारा. गोंदियाच्या यादीत तो सापडायचा नाही, आणि भंडाऱ्याला तो आता आपला वाटायचा नाही. दोन जिल्ह्यांच्या मधल्या फटीत एखादा खेळाडू असा सहज हरवू शकतो.

स्प्रिंगफिल्डच्या २४ जणांचं मत चुकेलही. पण त्यांच्यापुढे कुणाचं तरी नाव येतं, कारण कुणीतरी गुणपत्रकं, संघांच्या याद्या, फोटो जपलेले असतात. मतदान ही फार पुढची पायरी. पहिली पायरी म्हणजे शाळेत एक साधी जाड वही: साल, खेळ, संघातली सगळी नावं, निकाल. याला ना निधी लागतो ना शासनाचा आदेश. जुने क्रीडाशिक्षक आहेत तोवर त्यांना विचारून मागची पानंही भरता येतील.

घाई केलेली बरी. माणसं थांबत नाहीत.