नुसतं नाव पुरत नाही

वर्गात दोन सुनीता असल्या की आडनाव लावून हाक मारावी लागते. संगणकवाल्यांनाही हे करावं लागलं.

एक्सएमएल १९९८ च्या फेब्रुवारीत आलं. मजकुराच्या तुकड्याला हवं ते नाव द्या, अगदी देवनागरीत 'शीर्षक' म्हणा, चालतं. पण पुस्तकाचं शीर्षक आणि चित्राचं शीर्षक एकाच फायलीत आलं तर? म्हणून जानेवारी १९९९ मध्ये नेमस्पेस आलं, म्हणजे आडनावच. ते बहुधा वेबपत्त्यासारखं दिसतं. तिथे कुणी राहत असलंच पाहिजे असं नाही!

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेलं एक्सएसएलटी १.० आलं. 'शीर्षक' भेटलं की अमुक कर, असे नियम लिहून फायलीचं रूप बदलायचं. मेख अशी, की नियमात नुसतं 'शीर्षक' म्हणजे बिनआडनावाचं शीर्षक. फायलीत मात्र वर एकदा लिहिलेलं आडनाव खालच्या सगळ्यांना न दिसता लागतं. मग नियम जुळत नाही, चूकही दाखवली जात नाही. सगळा मजकूर सलग सांडतो. हे मुकेपण मला जास्त खटकतं. नियमातल्या नावाला उपसर्ग लावणं हा सरळ उपाय. पुष्कळांनी लोकल-नेम वापरून आडनावच पुसलं. काम होतं, पण हाकेला दोन्ही सुनीता उठतात.

जानेवारी २००७ मध्ये मायकेल के यांच्या संपादनाखालच्या २.० ने आडनाव एकदाच सांगून ठेवायची सोय दिली. ब्राउझर मात्र १.० वरच राहिले.