श्वासावाटे द्यावयाची प्रतिजैविके : चाचण्या

फुफ्फुसातला चिवट जिवाणुसंसर्ग गोळ्या-इंजेक्शनांना दाद देईनासा झाला की प्रतिजैविकाचे तुषार करून ते थेट श्वासनलिकांत पोचवतात. शिरेतून दिलेले ॲमिकासिन किंवा टोब्रामायसिन अंगभर फिरते, कान आणि मूत्रपिंडांना बाधते. श्वासावाटे घेतल्यास ते कफात भरपूर साठते, रक्तात थोडेच उतरते. तर्क बिनतोड, चाचण्यांचे निकाल मात्र तितके सरळ नाहीत.

सुरुवात जोरदार झाली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या ५२० रुग्णांवरील अमेरिकी चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना ३०० मि.ग्रॅ. टोब्रामायसिन दिवसातून दोनदा, २८ दिवस औषध आणि २८ दिवस विश्रांती, असे २४ आठवडे द्यायचे होते. विसाव्या आठवड्यात औषध घेणाऱ्यांची फुंकण्याची क्षमता सरासरी १० टक्क्यांनी वाढली, इतरांची २ टक्क्यांनी घटली. तुलनेसाठीच्या खोट्या औषधात क्विनीन घातले होते. नाहीतर चवीवरूनच बिंग फुटले असते.

श्वासनलिका कायमच्या रुंदावणाऱ्या ब्राँकिएक्टेसिसमध्ये हे यश टिकले नाही. या आजाराची कारणे नाना, त्यामुळे रुग्णही एकसारखे नसतात. लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरलेल्या सिप्रोफ्लोक्सासिनच्या, एकाच आराखड्याच्या दोन चाचण्या झाल्या. एकीत आजार पुन्हा उसळायला लक्षणीय उशीर लागला, दुसरीत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता नाकारली.

त्याच वर्षी लिपोसोममधल्या ॲमिकासिनला मात्र ती मिळाली, मायकोबॅक्टेरियम एव्हियम संकुलाच्या हट्टी संसर्गासाठी. माती-पाण्यात राहणारे हे जिवाणू क्षयजंतूंचे भाऊबंद. थुंकीच्या साध्या तपासणीत दोघे सारखेच दिसतात, त्यामुळे क्षयाचे रुग्ण भरपूर असलेल्या भारतात गल्लत सहज होते. एव्हियम संकुलाचे जिवाणू फुफ्फुसातल्या भक्षक पेशींच्या पोटात दडतात. त्याच पेशी लिपोसोमही गिळतात, म्हणून औषध आयतेच त्यांच्यापर्यंत जाते.

या मान्यतेमागच्या 'कन्व्हर्ट' चाचणीत ३३६ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना या औषधाची जोड दिल्यावर सहाव्या महिन्यापर्यंत २९ टक्के रुग्णांच्या थुंकीचे कल्चर निगेटिव्ह झाले. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी ८.९ टक्के. त्याची किंमतही होती: औषध घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांचा आवाज बसला. इथे खोटे औषध नव्हतेच. कोण काय घेतो हे सर्वांना ठाऊक होते. प्रयोगशाळेतल्या कल्चरवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, हे खरे. पण सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो, यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणूनच मान्यता त्वरित प्रक्रियेतून आणि सशर्त मिळाली: रुग्णाला प्रत्यक्ष फायदा होतो, हे पुढील चाचणीत दाखवायचे.