स्टिअरिंगमागचा माणूस

मंडळी, जुन्या हिंदी सिनेमातला नायक गाडी कशी चालवतो, हे कधी नीट पाहिलंय का तुम्ही? रस्ता सरळसोट असतो, पण हा पठ्ठ्या स्टिअरिंग असं डावी-उजवीकडे फिरवतो, जणू जात्यावर दळण टाकलंय. मान कायम डावीकडे, नायिकेकडे वळलेली. अख्खं कडवं संपेपर्यंत समोर बघायचं नाव नाही. आमच्या केडगावच्या रस्त्यावर कोणी असं केलं, तर दुसरं कडवं त्याला प्लास्टरमध्ये म्हणावं लागेल!

यामागचं गुपित साधं आहे. त्या काळी अशी दृश्यं बहुधा स्टुडिओतच होत. गाडी जागेवर उभी आणि आधी चित्रित करून आणलेला रस्ता मागच्या पडद्यावर धावतोय. केस उडायला पंखा, गचके बसायला दोन माणसं. गाडी तसूभरही हलत नाही म्हटल्यावर नायकाने कुठंही बघावं!

पण सिनेमातल्या गाडीची खरी गंमत मला वेगळीच वाटते. नायक चालवतो तेव्हा ती गाडी म्हणजे यौवन, स्वातंत्र्य वगैरे. तीच गाडी पगारी माणूस चालवतो, तेव्हा त्याला नाव नसतं. शेटजी मागून म्हणतात, 'ड्रायव्हर, गाडी काढ.' आपल्याला दिसते ती त्याची टोपी आणि मानेची मागची बाजू. तीन तासांच्या सिनेमात त्याचा चेहरा दिसला, तर समजावं की खलनायकाने त्याला पैसे चारलेत आणि ब्रेक आता निकामी होणार.

अपवाद आहेत. १९५४ सालच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये देव आनंदने टॅक्सीवाल्यालाच नायक केलं. १९७२ च्या 'बॉम्बे टू गोवा'त तर राजेश खन्नाच्या नावाची वाटणी झाली, ड्रायव्हर राजेश आणि कंडक्टर खन्ना! आणि मला सगळ्यात आवडतो तो १९७५ चा 'चुपके चुपके'. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हरचं सोंग घेतो आणि अतिशुद्ध हिंदी बोलून मालकाला भंडावून सोडतो. आम्ही मास्तर मंडळी त्या सिनेमाला पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मात्र ध्यानात येतं, की ड्रायव्हर म्हणजे अडाणी असं आपण आधीच धरून चाललो होतो. निम्मा विनोद आपणच घरून घेऊन गेलेलो असतो.

ही समजूत सिनेमाने आणलेली नाही, फार जुनी आहे. महाभारतात कर्णाला हिणवायचं असलं की 'सूतपुत्र' म्हणतात, म्हणजे सारथ्याचा मुलगा. त्याच कर्णाचं सारथ्य करायची वेळ आली, तेव्हा शल्यराजा केवढा संतापला! आणि गंमत बघा, त्याच युद्धात पलीकडच्या रथाचे लगाम साक्षात श्रीकृष्णाच्या हातात होते आणि गीता सांगितली ती सारथ्याच्या जागेवरून. पार्थसारथी म्हणून आपण त्याची देवळं बांधली. सारथ्याला मान द्यायला मात्र शिकलो नाही.

जगाचा इतिहास तरी कुठं वेगळा? मोटारीच्या शोधाला कार्ल बेन्झचं नाव, 'मर्सिडीज'ला एका बड्या ग्राहकाच्या मुलीचं नाव. चालवणारा इतिहासात येतो तो चुकला तरच. २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची मोटार लिओपोल्ड लोयका चालवत होता. ऐनवेळी रस्ता बदलायचा ठरलं, पण ते ड्रायव्हरला सांगायचं राहून गेलं! तो आधी ठरलेल्या वळणावर वळला, गाडी मागे घ्यायला थांबला आणि मारेकरी नेमका तिथंच उभा. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. आजही लोक 'ड्रायव्हर चुकीचा वळला' असंच म्हणतात. न सांगणारे साहेब लोक नामानिराळे राहिले.

आता आमच्या नगरचं सांगतो. (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण जुन्या जिभेला नगरच येतं.) स्वातंत्र्याच्या आधी इकडच्या रस्त्यांवर खासगी सर्व्हिस गाड्या धावत. वेळापत्रक म्हणजे गाडी भरेल ती वेळ. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवरही गाड्या चालल्या. मग सरकारने प्रवासी वाहतूक हाती घेतली आणि १ जून १९४८ या दिवशी राज्याची पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली. लाकडी बांधणी, बसायला काथ्याच्या गाद्या. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे.

ही दोन नावं पुन्हा एकदा वाचा. पहिल्या एसटीची गोष्ट निघाली की आमच्याकडे ती आपसूक येतात. एक माणूस काही न चुकवता, कोणाला न धडकता, माणसं ठरल्या ठिकाणी पोचवतो आणि एवढ्यासाठी इतिहासात जातो. लोयका आणि राऊत यांच्यात मला राऊतांची नोंद मोठी वाटते.

गाड्यांशी आमच्या गावाचं नातं पुढेही टिकलं. १९७२ साली कायनेटिकची लूना आली, ती फिरोदियांच्या इथल्याच कारखान्यातून. लष्कराच्या वाहनांची संशोधन संस्था इथं, रणगाड्यांचं संग्रहालय इथं. लूनाने तर कारकुनापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ड्रायव्हर केलं. पुढे नवरा, मध्ये पोरगं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दळणाचा डबा. असला प्रसंग घ्यायची हिंमत कुठल्या सिनेमाला झाली?

पण खेड्यापाड्यांना शेवटी आधार एसटीचाच. मी मास्तरकी केली त्या गावी रात्री मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपत, कोणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं येई. शहरातून औषधाची बाटली आणायची तर चिठ्ठी ड्रायव्हरजवळ. बोर्डाच्या परीक्षेला पोरं तालुक्याला जायची ती पहाटेच्या त्याच गाडीने, आणि पोरं पुरी गोळा होईपर्यंत तो माणूस डबल बेल झाली तरी गाडी हलवत नसे. करंजी घाटात पावसाळी रात्री पन्नास माणसं डुलक्या घेतात ती कोणाच्या भरवशावर? समोरच्या काचेतून एकटाच जागा असलेल्या त्या माणसाच्या.

त्याची किंमत कळते ती तो नसला की. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला हेच चालक गेले. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर पगार आणि विलीनीकरणासाठी संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तेव्हा शाळा-कॉलेजच्या पोरींचे हाल झाले, त्यांच्या आयांनी रस्त्याकडे डोळे लावले. संपाबद्दल कोणाचं मत काहीही असो, पण रोज पन्नास जीव ज्याच्या हाती देतो त्याच्या घरची चूल कशी चालते, हे त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं?

संप मिटल्यावर दोनच महिन्यांनी, १ जून २०२२ ला, पुणे-नगर रस्त्यावरच 'शिवाई' ही विजेवरची एसटी सुरू झाली. उद्घाटनाला नेतेमंडळी होती, हे चटकन आठवतं. ती चालवली कोणी, हे किती जणांना सांगता येईल? १९४८ ची आठवण ठेवणाऱ्या आमच्या गावाला तरी यायला हवं.

असो. माझ्या गावच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरचं पूर्ण नाव मला पाठ आहे. ते इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना आवडेल न आवडेल. पुढच्या वेळी एसटीने गेलात, तर उतरताना पुढे जाऊन एकदा नाव तेवढं विचारा. फक्त गाडी थांबल्यावर विचारा हो, चालू गाडीत चालकाशी बोलायचं नसतं!