पेवातलं रिव्हॉल्व्हर

निजामाच्या राज्यातल्या रझाकारीची गोष्ट निघाली की आजी आधी पेव सांगायची. आमच्या सेलूच्या वाड्यात अंगणाखालच्या पांढऱ्या मातीत खणलेलं, तोंडातून जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. ज्वारी काढायच्या आधी त्यात कंदील सोडायचा. विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. १९४८च्या पावसाळ्यात पणजोबांनी रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्याच पेवात, ज्वारीच्या तळाशी पुरलं. "हत्यार हाय म्हनलं तर रझाकार न्यायला येनार, अन् नाही म्हनलं तर घर उकरनार," आजी म्हणायची. पुढचं ती बोलायची नाही.

ते वेब्ली मार्क ४. नमुना १८९९चा, बोअर .४५५. हैदराबाद कंटिंजंट ही फौज १९०३ साली मोडली, तेव्हा जालन्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलं, असं मोठे आजोबा सांगत. आत्या म्हणते, लिलावात घेतलं. ते घरात एकदाही उडालं नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, १५ला जालना हाती आलं. गणपतीचे दिवस होते, पण आमच्या गल्लीत आरतीचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नव्हता. १७ला निजामानं शरणागती पत्करली. मग पेव उपसलं. चक्राच्या सहाही घरांत ज्वारीचा कोंडा बसला होता. आजीनं तो काडीनं कोरून काढला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

आजोबा गेल्यावर रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडे जमा झालं. परवा पुतण्या म्हणाला, "काका, बत्तीस बोअरचं करून घेता येईल का? मग माझ्या नावावर लायसन मागता येईल. काडतुसंही मिळतील."

त्याच्या विचारण्यात माया आहे. वस्तू घरात राहावी, एवढीच त्याची इच्छा. म्हणून मीही नीट चौकशी केली. .४५५ म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर, .३२ म्हणजे जेमतेम आठ. नळीत दुसरी नळी बसवायची, सहाही घरांना अस्तर घालायचं, घोड्याची टोच नेमकी मधोमध लागते का ते पाहायचं. सव्वाशे वर्षांच्या पोलादावर हे सगळं. अमेरिकेत कितीतरी वेब्लींची चक्रं मागून घासून त्यांत .४५ पिस्तुलाची काडतुसं घातली गेली. त्या काडतुसाचा दाब मूळच्यापेक्षा बराच जास्त. जुन्या सांगाड्यांना तो ताण सोसणारा नव्हता. घासलेलं पोलाद परत भरून येत नाही.

बोअरची ही ओढाताण आपल्याकडे सरकारच्या धास्तीतून आली. लष्कराची काडतुसं रयतेच्या बंदुकीत जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात बंद केल्या. हॉलंड अँड हॉलंडनं मग .४६५ काढली. .३०३ लष्कराची, म्हणून लोकांच्या हाती .३१५ आली, ईशापूरच्या कारखान्याची तीनशे पंधरा आजही ओळखीची आहे. स्वतंत्र भारतानं १९५९चा शस्त्र कायदा केला. त्याखालच्या नियमांतही .४५५ काडतूस चालणारं रिव्हॉल्व्हर निषिद्धच. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे हत्याराचं रूपांतर करायलाही परवाना लागतो. कुणा ओळखीच्या लेथवाल्याकडे जाण्याची सोय नाही, नसावीही.

पण मी नाही म्हणालो ते कायद्यासाठी नव्हे. आजीनं ज्या घरांतून कोंडा कोरला, त्यांनाच आपण अस्तर घालणार होतो. बत्तीस बोअरचं झालं की ते उडेल, आणि ते न उडता राहिलं हीच तर आमच्या घरची आठवण आहे. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानं पेव नेमकं कुठं होतं ते विचारलं. मी जागा दाखवली; आता तिथं पाण्याचा हौद आहे.

ते वस्तुसंग्रहालयाला देण्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला आहे. सोबत आजीची गोष्ट दोन पानांत लिहून जोडली. अक्षर पुतण्याचं आहे. लिलावाची आत्याची बाजूही त्यात आहे.