खुल्या व्यापाराचे वकील : जॉर्ज रीड

जकातनाका म्हणजे काय हें आपल्यांतील वडील मंडळींस सांगावयास नको. परंतु एकाच राणीच्या दोन वसाहतींमध्यें, केवळ एक नदी ओलांडतांना, माल अडवून जकात घेत असत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ऑस्ट्रेलियांत मरे नदीच्या कांठीं १९ व्या शतकांत असेंच चाले. दक्षिणेची व्हिक्टोरिया आपल्या कारखान्यांच्या रक्षणासाठीं परमालावर भारी जकात बसवी. उत्तरेची न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापाराची अभिमानी. ह्या दुसऱ्या मताचे धुरीण जॉर्ज रीड ह्यांची हकीकत येथें थोडक्यांत देतों.

रीड १८४५ सालीं स्कॉटलंडांत एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या घरीं जन्मले. लहानपणींच व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून, पुढें सरकारी खजिन्यांत नोकर, आणि १८७९ सालीं बॅरिस्टर. त्यापूर्वींच, १८७५ सालीं, त्यांनीं खुल्या व्यापारावर पांच निबंध छापिले होते. १८९१ सालीं ते विधिमंडळांत विरोधी पक्षाचे पुढारी झाले, संरक्षक जकातीशीं झुंजले, आणि १८९४ सालीं मुख्य प्रधान झाले. जकात उठविली तर तिजोरी कशी भरावी? सत्ता हातीं येतांच हा प्रश्न टाळणारे पुष्कळ. रीड ह्यांनीं जमिनीवर व उत्पन्नावर कर सुचविला. वरिष्ठ सभेनें तो फेटाळतांच १८९५ सालीं निवडणूक घेतली, जिंकली, आणि कर बसविला.

खरी कसोटी पुढेंच होती. वसाहतींचें संघराज्य व्हावें अशी चळवळ चालू होती. सिडनीचे आर्चबिशप कार्डिनल मोरान तिचे कैवारी. १८९७ सालीं घटना-परिषदेच्या निवडणुकीस ते स्वतः उभे राहिले व पडले. (धर्मगुरूंनीं मतें मागावीं काय, ह्याविषयीं आम्ही मौन धरितों.) संघ झाला म्हणजे आपसांतील नाके जाणार, हें रीड ह्यांस हवेंच होतें, पण शेजाऱ्यांच्या संख्याबळानें बाहेरच्या मालावर जकात येणार, ही भीतीही खरी. २८ मार्च १८९८ रोजीं त्यांनीं भर सभेंत मसुद्याचे दोष दीर्घकाळ उलगडले, आणि शेवटीं आपण अनुकूल मत देऊं असें सांगितलें. लोकांनीं त्यांस ‘होय-नाहीं रीड’ म्हटलें. आम्हांस हा उपहास अन्यायाचा वाटतो. दोष दिसूनही हित स्वीकारणें म्हणजे डळमळणें नव्हे. जूनमध्यें ७१,५९५ मतें अनुकूल व ६६,२२८ प्रतिकूल पडलीं, तरी ८०,००० ची अट पुरी झाली नाहीं. रीड ह्यांनीं पुन्हां बोलणीं करून राजधानी आपल्या प्रांतांत, मात्र सिडनीपासून १०० मैलांपलीकडे, असें ठरवून घेतलें. २० जून १८९९ रोजीं मसुदा संमत झाला. सप्टेंबरांत त्यांचें मंत्रिमंडळ पडलें.

१९०१ सालीं पहिल्या संघ-संसदेंत ते पुन्हां विरोधी बांकावर बसले. संसद मेलबर्नला, वकिली सिडनीस; त्यामुळें पुष्कळदां तो बांक रिकामाच असे.