एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (दूरस्थ बिल्डमधील)

प्रोसेस सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या हाती ‘नाव=किंमत’ अशा जोड्यांची एक यादी देते; त्या यादीतील प्रत्येक जोडी म्हणजे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. दूरच्या मशीनवर, कोणी समोर बसलेले नसताना सॉफ्टवेअरचा बिल्ड चालतो, तेव्हा जावाची कोणती आवृत्ती वापरायची, कंपायलर कुठे सापडेल, तयार पॅकेज कोणत्या सर्व्हरवर चढवायचे आणि तिथला पासवर्ड काय, हे बहुधा याच यादीतून कळवले जाते. बेल लॅब्जमधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) स्टीव्हन बोर्न यांच्या शेलबरोबर ही सोय आली. पुढे डॉस आणि विंडोजनेही ती घेतली.

वारसा : मूळ नियम एवढाच की, अपत्य प्रोसेसला पालक प्रोसेसच्या यादीची प्रत जन्मताना मिळते. नंतर पालकाने यादी बदलली तरी अपत्याला ते कळत नाही आणि अपत्याने केलेला बदल पालकापर्यंत पोचत नाही. दूरस्थ बिल्डमधील बहुतेक तक्रारी या नियमाशी येऊन थांबतात. जेनकिन्सचे उदाहरण घ्यावे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ‘हडसन’ नावाने सुरू केलेल्या, बिल्ड आपोआप चालवणाऱ्या या सॉफ्टवेअरला २०११ मध्ये हे नाव मिळाले. बिल्डच्या मशीनवर त्याचा एजंट दिवसचे दिवस चालू असतो. मशीनवर कोणी ‘जावा_होम’ बदलले, तरी एजंटच्या हाती जुनीच यादी राहते आणि त्याने सुरू केलेले सारे बिल्ड जुनीच जावा वापरतात. एजंट रीस्टार्ट केल्यावरच नवी किंमत दिसते. विंडोजवरील ‘सेटएक्स’ आज्ञेचेही हेच : ती पुढे सुरू होणाऱ्या प्रोसेसपुरती असते, चालू असलेल्यांना तिचा पत्ता नसतो.

शेलच्या फाइली : ‘हातांनी लॉगिन करून चालवले की चालते, जेनकिन्समधून चालत नाही’ ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी कुरकुर. एसएसएचने थेट एखादी आज्ञा पाठवली, तर दूरच्या मशीनवरील बॅश हे शेल लॉगिन शेल म्हणून सुरू होत नाही, त्यामुळे प्रोफाइलची फाइल वाचलीच जात नाही. उबुंटूच्या मूळ बॅशआरसी फाइलीत तर सुरुवातीलाच एक तपासणी असते : शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिरायचे. तिच्याखाली लिहिलेले, व्हेरिएबल पुढच्या प्रोसेसना देणारे ‘एक्स्पोर्ट’ बिल्डच्या दृष्टीने नसल्यासारखेच. आपल्या मशीनवरची व्हेरिएबल्स एसएसएचबरोबर पाठवता येतात, पण समोरच्या सर्व्हरने ‘ॲक्सेप्टएन्व्ह’मध्ये त्या नावांना परवानगी दिलेली असावी लागते. हा अडसर मुद्दाम आहे. काही व्हेरिएबल्सच्या जोरावर प्रोग्रॅमला भलतीच लायब्ररी लोड करायला लावता येते.

म्हणून व्हेरिएबल मशीनवर न ठेवता बिल्डच्या व्याख्येत ठेवणे केव्हाही बरे. मशीन उद्या बदलेल. ही व्याख्या असलेली पाइपलाइनची फाइल कोडबरोबर गिटमध्ये राहते आणि कोणी केव्हा काय बदलले ते तिथे दिसते. पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी असलेले व्हेरिएबल, याबाबत मात्र जपावे. तो पूर्ण नव्याने लिहिला की आधीचे सारे फोल्डर गळतात. जेनकिन्समध्ये ‘पाथ+मेव्हन’ अशा नावाने लिहिलेली किंमत मूळ पाथच्या आधी जोडली जाते, मूळ पाथ शाबूत राहतो. गिटहब ॲक्शन्स या बिल्ड-सेवेत प्रत्येक पायरी वेगळ्या शेलमध्ये चालते, त्यामुळे एका पायरीतले ‘एक्स्पोर्ट’ पुढच्या पायरीला मिळत नाही. ती जोडी ‘गिटहब_एन्व्ह’ने दाखवलेल्या फाइलीत लिहावी लागते.

भाषा आणि वेळ : या दोहोंची व्हेरिएबल्स सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. ‘लँग’ किंवा ‘एलसी_ऑल’ वेगळे असेल तर सॉर्टचा क्रम बदलतो. साध्या ‘सी’ लोकेलवर जुन्या पायथनने देवनागरी मजकूर वाचताना मान टाकल्याचे मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना माहीत असेल; ३.७ आवृत्तीपासून हा त्रास बराच कमी झाला. क्लाउडमधील मशीन सामान्यतः यूटीसी वेळेवर असते. पुण्यात पहाटे ५ वाजता सुरू केलेल्या बिल्डवर त्यामुळे आदल्या दिवशीची तारीख पडते. ‘टीझेड’मध्ये ‘आशिया/कोलकाता’ लिहून ती बदलता येते, पण माझ्या मते बिल्ड यूटीसीवरच राहू द्यावा आणि तारीख दाखवताना रूपांतर करावे.

गुपिते : पासवर्ड आणि टोकन व्हेरिएबलमध्ये ठेवणे सोयीचे आहे, सुरक्षित आहे असे म्हणवत नाही. वारशाच्या नियमाने ती बिल्डमधील प्रत्येक प्रोसेसला, बाहेरून उतरवलेल्या स्क्रिप्टलाही, मिळतात. कोडकोव्ह या कंपनीच्या ‘बॅश अपलोडर’ या अशाच स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२१ पासून हल्लेखोरांनी फेरफार केले होते. ग्राहकांच्या बिल्डमधील एन्व्हायर्नमेंट परक्या सर्व्हरकडे जात होते. एका ग्राहकाने स्क्रिप्टचा चेकसम जुळत नसल्याचे पाहिले तेव्हा १ एप्रिलला हे उघड झाले. लॉगमध्ये गुपिताच्या जागी तारे छापणारी सोय बेस-६४मध्ये बदललेली किंमत ओळखेलच असे नाही. अल्पायुषी टोकन आणि गरजेपुरत्या एकाच पायरीला दिलेले गुपित हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. बिल्ड अडला की पहिल्याच पायरीत ‘एन्व्ह’ चालवून सगळी यादी छापण्याची सवय अनेकांना असते. सार्वजनिक रिपॉझिटरीचे लॉग बाहेरच्यांनाही वाचता येतात. तिथे नावे तेवढी छापावीत, किमती छापू नयेत.